कोहळं, कणीक आणि मे महिन्याचं ऊन

(कॉटन मार्केट, सकाळचे साडेसहा. पोत्यावर रचलेली कोहळी. विक्रेत्याचा सुरा एका कोहळ्यात शिरतो, फोड उघडते.)

नागपूरच्या कॉटन मार्केटात कोहळं मागितलं की हे हातात येतं. बाहेरून हिरवट-पिवळं, आतून केशरी. पुण्या-मुंबईकडचे लोक याला लाल भोपळा म्हणतील, कारण त्यांचा कोहळा म्हणजे पेठ्याचा, पांढऱ्या गराचा. नावाने गल्लत व्हायला नको. इथे पोळ्याला ज्याची गूळ घालून गोड बोंडं तळतात, ते हे कोहळं.

आज मात्र यात गूळ पडणार नाही. हा खाऊ घरातल्या कुत्र्यासाठी आहे.

विक्रेत्याने बोट ठेवलंय तिथे पाहा, बियांच्या जाळीवर. जाळी ओलसर असली तरी घट्ट हवी. बिया बुळबुळीत लागल्या, आंबूस वास आला, तर ती फोड कालची. मे महिन्यात कापलेलं कोहळं सावलीतसुद्धा दिवसभरात उतरतं. साल नखाने टोचून पाहायची. नख रुतलं तर फळ कोवळं, म्हणजे पाणी जास्त आणि गर पातळ. देठ वाळून लाकडासारखा झालेला, आणि उचलल्यावर आकाराच्या मानाने जड वाटणारं, असं कोहळं घ्या. आपल्याला अर्धा किलोची एक फोड पुरते. अख्खं घेतलं तरी वाया जात नाही, पिकलेलं न कापलेलं कोहळं कोरड्या हवेशीर कोपऱ्यात दोन-तीन महिने सहज टिकतं.

(स्वयंपाकघर. ओट्यावर फोड, ओट्यापाशी काकू, ओट्याखाली गावठी कुत्री, मान वर.)

काकू कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा आधी स्वतः चाखताहेत. ही पायरी कुणी करत नाही आणि प्रत्येकाने करायला हवी. गोडसर किंवा सपक लागला तर पुढे जायचं. कडू लागला तर अख्खी फोड टाकून द्यायची. तो कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, शिजवून तो जात नाही, आणि माणूस असो की कुत्रा, दोघांचंही पोट बिघडवतो.

कोहळंच का, तर शिजलेल्या गरात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि शंभर ग्रॅमला जेमतेम वीस-पंचवीस कॅलरी. उरतं त्यात कामाचा आहे चोथा. त्यातला विरघळणारा भाग पाणी धरून ठेवतो, म्हणून पातळ झालेली शी बांधून यायला मदत होते. न विरघळणारा भाग आतडं पुढे ढकलतो, म्हणून पोट कडक झालेल्या कुत्र्यालाही तेच कोहळं चालतं. केशरी रंग बीटा-कॅरोटिनचा. कुत्र्याचं शरीर त्यातून अ जीवनसत्त्व तयार करतं, मांजराला ते जमत नाही. आणि आपण रोज प्रेमाने पुढे करतो त्या चहाच्या गोड बिस्किटात काय असतं? मैदा, साखर, तेल. कुत्र्याच्या गरजेचं त्यात जवळपास काहीच नाही.

(कुकरची शिट्टी. झाकण उघडतं, वाफ.)

आता कोहळं शिजवायचं, आणि इथेच बहुतेकांचा खाऊ बिघडतो. पाण्यात उकडायचं नाही. साल तशीच ठेवून चार बोटांच्या फोडी करायच्या, बिया आणि जाळी काढायची, आणि कुकरच्या डब्यात पाणी न घालता ठेवायच्या. पाणी फक्त कुकरच्या तळाशी. दोन शिट्ट्या. कच्च्या कोहळ्याची साल सोलताना सुरी निसटते, शिजल्यावर मात्र चमच्याने गर असा अलगद सुटतो. साल कुत्र्याला द्यायची नाही. ती जाड, चिवट असते, न चावता गिळली तर आतड्यात अडकू शकते.

(कढई. केशरी गर, उलथनं, कढईच्या तळाची रेघ.)

हे दृश्य जरा वेळ पाहा, कारण सगळा खाऊ या कढईत ठरतो.

अर्धा किलोच्या फोडीतून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास गर निघतो. तो मंद आचेवर, तेल-तूप काही न घालता परतायचा. आधी तो सैल असतो, बुडबुडे फुटतात, अंगावर उडतात, म्हणून लांब दांड्याचं उलथनं. सहा-सात मिनिटांनी बुडबुडे मंदावतात. दहा-बारा मिनिटांनी कढईच्या तळाशी उलथन्याने रेघ ओढली की ती भरून न येता तशीच राहते. तिथे थांबायचं. आता वजन केलं तर गर दोनशे ग्रॅम भरतो. म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. ते गेलं नसतं तर कणकेत मुरलं असतं, कणीक सैल पडली असती, आपण आणखी पीठ घातलं असतं, आणि कोहळ्याचा खाऊ म्हणता म्हणता पिठाचा खाऊ झाला असता.

गर पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम गरात अंडं फोडलं तर ते तिथेच शिजून त्याच्या गुठळ्या होतात.

(परात. कणीक, ज्वारीचं पीठ, दाण्याचा कूट, जवस.)

माप लिहून घ्या. गार गर दोनशे ग्रॅम. गव्हाची कणीक दोनशे ग्रॅम, ज्वारीचं पीठ शंभर ग्रॅम. एक अंडं. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट पन्नास ग्रॅम. जवसाची पूड एक मोठा चमचा. मीठ, साखर, गूळ, वेलची, जायफळ, काही नाही. जायफळ जास्त प्रमाणात गेलं तर कुत्र्याला विषारी ठरतं, म्हणून पोळ्याच्या बोंडांचं मिश्रण कुत्र्याला वाटून द्यायची सवय मोडा. त्यापेक्षा गूळ पडायच्या आधी वाटीभर साधा गर बाजूला काढा.

फक्त ज्वारी घेतली तर वडी लाटताना फुटते, कारण ज्वारीत चिकटपणा धरणारं ग्लुटेन नाही. फक्त गहू घेतला तर वडी चिवट होते. दोन भाग गहू, एक भाग ज्वारी, हे प्रमाण लाटायलाही बरं आणि मोडायलाही. गहू सोसत नाही असं पशुवैद्यकाने सांगितलेल्या कुत्र्यासाठी पूर्ण ज्वारी किंवा नाचणी घ्या, मग लाटण्याऐवजी हाताने थापा.

शेंगदाणे घरी भाजलेले, घरी कुटलेले हवेत. बाटलीतलं पीनट बटर घ्यायचंच असेल तर मागची चिठ्ठी वाचा. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल तर चमचाभरही कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. दाणे निवडताना काकूंचा हात पाहा. आक्रसलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे वेगळे जाताहेत. बुरशी धुतल्याने जात नाही, भाजल्यानेही तिचं विष पूर्ण जात नाही, आणि ते यकृतावर जातं.

कणीक पुरीच्या पिठासारखी घट्ट भिजवायची, पाणी न घालता. हाताला चिकटत असेल तर ज्वारीचं पीठ भुरभुरवा. झाकून वीस मिनिटं ठेवा, तेवढ्यात जवस पाणी ओढून घेतो आणि गोळा आपोआप आवळतो. हा गोळा ६१० ग्रॅम भरला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(पोळपाट. पाऊण सेंटिमीटरची जाड पोळी, सुरीने आडव्या-उभ्या रेघा, काट्याने टोचे.)

जाडी सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ राहिली की पातळ कडा करपतात आणि जाड मध्य ओला राहतो. चौकोनी तुकडे, बोटाच्या एका पेराएवढे. या मापात १२० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला काट्याने दोनदा टोचायचं, म्हणजे वाफेला वाट मिळते आणि वडी फुगून फुटत नाही.

ओव्हन १६० अंशांवर, ३० ते ३५ मिनिटं. घाई करून १९० वर ठेवलं तर वरचा पापुद्रा लाल होतो, आत ओल कोंडून राहते. भाजून झाल्यावर ओव्हन १०० अंशांवर आणून आणखी तासभर. ही तासभराची पायरी भाजण्याची नसून वाळवण्याची आहे.

ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तवा, अगदी मंद आच, वर झाकण, एकेका बाजूला बारा-पंधरा मिनिटं. अंडं आतपर्यंत शिजायला हवं, म्हणून आच मोठी करून वेळ वाचवायचा नाही. नंतर दिवसभर ऊन.

(तराजू. तुकडे ओतले जातात.)

आता मघाचा आकडा. ६१० ग्रॅमचा गोळा वाळून ४०० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. त्यात सुमारे ३६० ग्रॅम कोरडा ऐवज आहे, उरलेली दहा टक्के ओल टिकाऊपणाला चालते. ४५० भरला तर अजून पाचवा हिस्सा पाणी आत आहे, आणि त्याला बुरशी धरणार. पुन्हा १०० अंशांवर ठेवा. तराजू नसेल तर गार झालेला तुकडा कानाजवळ मोडून पाहा. कट् असा आवाज यायला हवा. गरम असताना मोडून पाहू नका, गरम तुकडा नेहमी मऊच वाटतो.

(गच्ची. दुपार. खाटेवर पांढरं सुती कापड, त्यावर केशरी पट्ट्यांच्या ओळी. बाजूला कुरडया, पापड.)

विदर्भातल्या गच्चीवर मे महिन्यात जे जे वाळतं, त्यात एक खाट कुत्र्याची असायला काय हरकत आहे? नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारची हवा हाडासारखी कोरडी असते. ज्या हवेत कुरडई दोन दिवसांत कडक होते, त्या हवेत कोहळ्याची पट्टीही होते. यात पीठ नाही, अंडं नाही, तेल नाही. फक्त कोहळं.

साल आणि बिया काढून चार मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापायच्या. त्याहून पातळ पट्टी कापडाला चिकटून फाटते, जाड पट्टी बाहेरून वाळते आणि आतून आंबते. चाळणीवर तीन-चार मिनिटं वाफ द्यायची, रंग गडद झाला की लगेच काढायच्या. वाफ न देता वाळवलेल्या पट्ट्या काळपट पडतात. मग एकमेकींना न चिकटता मांडायच्या, वर मलमल, मलमलीच्या चारही टोकांना वाट्या. खाटेचे पाय पाण्याच्या भांड्यात, मुंग्यांसाठी. संध्याकाळी आत, सकाळी उलटून पुन्हा बाहेर. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी पट्टी वाकवली की चामड्यासारखी वाकते आणि दाबली तर ओल सुटत नाही. शेवटी ओव्हनमध्ये ८० अंशांवर अर्धा तास, म्हणजे माशीने अंडी घातली असतील तर मरतील.

अर्धा किलो गराच्या या पट्ट्या, पन्नास-साठ ग्रॅम. ओंजळभर. म्हणून देताना हात आवरा. लहानशी दिसणारी पट्टी म्हणजे कोहळ्याची मोठी फोड आहे. दिवसाला एक-दोन पुरे, शेजारी पाण्याचं भांडं भरलेलं. दात गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला कोमट पाण्यात भिजवून.

(स्टीलच्या वाट्या फ्रीजरमधून बाहेर येतात. धाप लागलेली कुत्री, फरशीवर पोट टेकून.)

याच उन्हातली तिसरी गोष्ट. शिजवलेला, न आटवलेला गर दोन वाट्या, बिनसाखरेचं ताजं दही एक वाटी, घोटून वाटीच्या तळाशी बोटभर थर, तीन तास फ्रीजर. चौकोनी बर्फासारखे खडे करू नका, हावरट कुत्रा ते कडाकडा चावतो आणि दाताचा टवका उडतो. वाटी दिली की चाटावं लागतं.

(ताटात मोजून ठेवलेले पाच तुकडे.)

खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यात बसवायचा. आपल्या एका तुकड्यात साडेबारा कॅलरींच्या आसपास आहेत. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढीच्या कुत्रीला दिवसाला सुमारे सहाशे कॅलरी लागतात, म्हणजे तिचे चार, फार तर पाच तुकडे. चार किलोच्या पॉमेरेनियनचे दोन. तीस किलोच्या लॅब्रेडॉरचे दहा, आणि तो जाड असेल तर सहाच. दिलेल्या तुकड्यांच्या प्रमाणात जेवण कमी करा.

कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट या खाऊच्या जवळपासही नकोत. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला देण्याआधी पशुवैद्यकाला विचारा. पहिल्यांदा देताना एकच तुकडा, शी केशरी झाली तर घाबरू नका, पातळ झाली तर थांबा, आणि एका दिवसापुढे जुलाब राहिले किंवा उलटी झाली तर घरगुती इलाज न करता पशुवैद्यकाकडे. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

(काचेची बरणी. तिच्यावरच्या चिठ्ठीवर तारीख लिहिली जाते.)

पूर्ण गार झाल्यावरच बरणीत. गरम तुकड्यांची वाफ झाकणाला लागून परत खाली पडते. मे महिन्यात घट्ट झाकणाच्या बरणीत दोन आठवडे, फ्रीजमध्ये महिनाभर. पावसाळ्यात थेट फ्रीजर, जुलैच्या दमट हवेत बाहेर ठेवलेला तुकडा दोन-तीन दिवसांत मऊ पडतो. पांढरट ठिपका दिसला की तो एक तुकडा नाही, सगळी बरणी टाकायची.

(बरणीचं झाकण. ओट्याखालून कुत्री उठून बसते. काकूंचा तळहात, त्यावर एक तुकडा. इथून पुढे निवेदन नाही. चावण्याचा आवाज तेवढा राहू द्या.)