कुठलं पाणी प्यालात?

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा लागला की आपल्या बडोद्यात, रावपुऱ्यात, दांडिया बाजारात घरोघरी तेच ऐकू येतं: पोट बिघडलंय, जुलाब थांबत नाहीत, कुणाला कावीळ झालीय. औषध डॉक्टर देतीलच. त्याआधी एक विचारा, कुठलं पाणी प्यालात?

हाच प्रश्न १८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो दारोदार विचारत फिरले. सोहो भागात पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, माणसं पटापट मरत होती आणि मोठमोठे जाणकार म्हणत होते, हवा वाईट आहे. स्नो यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपावर. तिथलं पाणी दिसायला स्वच्छ, चवीला छान. लोक मुद्दाम तेच भरत.

आता नीट ऐका. मृतांमध्ये एक विधवा बाई होत्या. राहायच्या दूर हॅम्पस्टेडला. तिथे पटकी नव्हती, आणि बाई कित्येक महिने सोहोकडे फिरकल्याही नव्हत्या. मग रोग आला कुठून? स्नो यांनी त्यांच्या मुलाकडून माहिती काढली. ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आईच्या जिभेवर बसली होती, म्हणून रोज गाडीबरोबर तिथलं बाटलीभर पाणी हॅम्पस्टेडला जायचं. ३१ ऑगस्टला, गुरुवारी, बाटली गेली. बाई ते पाणी त्या संध्याकाळी प्याल्या, शुक्रवारीही प्याल्या, आणि शनिवारी गेल्या. भाची भेटायला आली होती. तीही तेच पाणी प्याली, इस्लिंग्टनला घरी परतली आणि तीही गेली. तिच्या भागातही तेव्हा पटकी नव्हती. दोघींना जोडणारी वस्तू एकच, ती बाटली. हवा काही बाटलीत भरून जात नाही!

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. पुढे कळलं, जवळच्या घरातल्या आजारी बाळाचे कपडे धुतलेलं पाणी मैल्याच्या खड्ड्यात ओतलं जात होतं, आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर.

आपल्याकडे नळ आहेत. पण जुन्या पोळींत, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांत, पाण्याची लाइन आणि गटार शेजारी-शेजारी. पाणी गेलं की लाइनीतला दाब पडतो, आणि जोड सैल असेल तर गटाराचं पाणी आत ओढलं जातं. थेट लाइनीला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. मला ही सवय मुळीच मान्य नाही. महाराज सयाजीरावांनी आजवा सरोवर सबंध शहरासाठी बांधवलं, ज्याची मोटर मोठी त्याच्यासाठी नव्हे.

तर, पाणी दिसतं स्वच्छ, म्हणून प्यायचं नाही. पुन्हा सांगतो, दिसतं स्वच्छ म्हणून प्यायचं नाही. शंका आली की खळखळून उकळा. नळापर्यंत येताना पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. थेंब टाकून रंग पाहायची ती तपासणी आपल्या पोळीत करून मागा. जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि घोटघोट पाजत राहा.

एका पोळीत दोन-तीन घरी एकदम जुलाब लागले, तर वही काढा. कोण आजारी, कधीपासून, पाणी कुठलं. जे धडधाकट आहेत ते कुठलं पाणी पितात, तेही लिहा. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले होते, कारण ते पंपाकडे जातच नव्हते. ती वही घेऊन त्याच दिवशी वॉर्ड ऑफिस गाठा.