निगडी ते दापोडी : बसला स्वतःची वाट मिळते तेव्हा

(दृश्य : पहाटेचा भक्ती-शक्ती चौक. उभ्या बसच्या काचेवरील मार्गाची पाटी उजळते.)

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या भेटीचे शिल्प आहे. या शिल्पाजवळून सुटणारी बस जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, वल्लभनगर, कासारवाडी, फुगेवाडी असे टप्पे घेत मुळेच्या काठी दापोडीला पोहोचते. अंतर सुमारे साडेबारा किलोमीटर आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून याच रस्त्याने पुण्याकडे जाते, आणि वर्षाचे उरलेले सगळे दिवस कारखान्यातला कामगार, महाविद्यालयात जाणारी मुलगी, मंडईतून पिशव्या भरून परतणारी गृहिणी याच रस्त्यावर बसची वाट पाहत उभी असते.

उपनगरातली बस उशिरा का येते, याचे आपल्या तोंडी असलेले उत्तर ठरलेले आहे : गाड्या कमी आहेत. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

समजा, निगडी ते दापोडी या अंतरात बसचा सरासरी वेग ताशी पंधरा किलोमीटर आहे. मग एका बाजूचा प्रवास पन्नास मिनिटांचा होतो. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटांची विश्रांती धरली, तर एक बस निगडीहून सुटून पुन्हा निगडीला लागेपर्यंत ११० मिनिटे जातात. अशा दहा बस मार्गावर असतील, तर थांब्यावर दर अकरा मिनिटांनी एक बस येईल. आता बस त्याच, चालक तेच आणि वाहकही तेच ठेवून केवळ रस्ता मोकळा करून दिला आणि सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरवर गेला, तर एका बाजूचा प्रवास तीस मिनिटांवर येतो, पूर्ण फेरी सत्तर मिनिटांत होते आणि त्याच दहा बस दर सात मिनिटांनी थांब्यावर दिसू लागतात. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतच्या सोळा तासांत प्रत्येक दिशेने सुमारे ८७ फेऱ्यांऐवजी १३७ फेऱ्या होतात. पन्नास फेऱ्या वाढल्या आणि एकही नवी बस विकत घ्यावी लागली नाही. प्रवासी ज्याला ‘गाड्या वाढल्या’ असे म्हणतो, ते पुष्कळदा असलेल्या गाड्या लवकर परत आल्यामुळे घडते. या चित्रफितीत आम्हाला जे सांगायचे आहे, त्याचा गाभा या हिशेबात आहे.

(दृश्य : थांब्याच्या ओट्यावर उभे असलेले पाय आणि बसच्या दाराचा उंबरा, अगदी जवळून.)

मग बसचा वेळ जातो तरी कुठे? इंजिनाला यात फारसा दोष देता येत नाही. वेळ जातो तो तीन ठिकाणी : वाहनांच्या गर्दीत, सिग्नलवर आणि थांब्यावर. यांपैकी थांब्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून तिथेच जरा थांबून पाहू. जुन्या पद्धतीच्या बसला पायऱ्या असतात. गुडघे दुखणाऱ्या आजी एक हात दांडीला घट्ट धरतात, दुसऱ्या हातातली पिशवी आधी वर ठेवतात, मग एक पाय, मग दुसरा. मागे उभी असलेली रांग तेवढा वेळ थांबते आणि रांगेमागे सगळी बस थांबते. प्रत्येक थांब्यावर असे अर्धे मिनिट जास्त गेले, तर वीस थांब्यांवर दहा मिनिटे जातात. थांब्याचा ओटा बसच्या फरशीइतका उंच केला की आजी घरातून ओसरीवर यावे तशा बसमध्ये येतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ‘रेनबो बीआरटी’ (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेली जलद सेवा) या नावाने जी सेवा २०१५ पासून सुरू झाली, तिच्या थांब्यांची रचना याच विचाराने केलेली आहे. बसची फरशी आणि थांब्याचा ओटा एका पातळीत, बसच्या उजव्या बाजूला रुंद दार आणि थांब्याला उघडझाप करणारी स्वयंचलित दारे. मात्र चालकाने बस ओट्याला अगदी लगटून उभी केली तरच हे सारे उपयोगी पडते. वीतभर फट राहिली, तर आजी पुन्हा थबकतात. चालकाच्या प्रशिक्षणाला आम्ही काँक्रीटइतकेच महत्त्व देतो, ते यासाठी.

बीआरटीची ही कल्पना इथे एका दिवसात आली नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या आणि कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे २००० च्या डिसेंबरमध्ये ट्रान्समिलेनिओ ही अशीच बससेवा सुरू झाली. भारतात हा प्रयोग सर्वांत आधी पुण्याने केला. २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बसला वेगळी मार्गिका मिळाली. त्या वेळी पुणे शहरात पीएमटी ही बससेवा होती आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पीसीएमटी. २००७ मध्ये दोन्ही एकत्र येऊन पीएमपीएमएल (पुणे महानगर परिवहन महामंडळ) झाली, तरी जुनी माणसे आजही बसला पीएमटीच म्हणतात. पहिल्या प्रयोगात मार्गिका सलग नव्हती, थांब्यांची आखणी सोयीची नव्हती आणि पादचाऱ्याचा विचार अपुरा होता. पुणेकरांच्या मनात बीआरटीविषयी जी अढी बसली, ती तेव्हापासूनची. अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग ही आपली बीआरटी सुरू करताना मध्यभागी बंदिस्त थांबे आणि सलग मार्गिका यांवर भर दिला, आणि पुढे आपल्याकडेही तेच धोरण स्वीकारले गेले. संगमवाडी-विश्रांतवाडी आणि सांगवी-किवळे हे मार्ग २०१५ मध्ये सुरू झाले.

निगडी-दापोडीची मार्गिका मात्र बांधून तयार असूनही वर्षानुवर्षे रिकामी पडून होती. एकसष्ट मीटर रुंदीचा हा रस्ता भरधाव वाहनांचा आहे. सुरक्षिततेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आयआयटी मुंबईने पाहणी केली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये येथे बस धावू लागली. न्यायालयात उपस्थित झालेली ती शंका रास्त होती, असे आमचे मत आहे. थांबा रस्त्याच्या कडेला नसून आतल्या बाजूला असतो, त्यामुळे तिथे जाण्यासाठी प्रवाशाला वाहनांचा प्रवाह ओलांडावा लागतो. पांढरे पट्टे पुसट झालेले असतील, सिग्नल बंद असेल, तर बसमध्ये वाचलेली दहा मिनिटे रस्ता ओलांडण्याच्या भीतीपुढे कवडीमोल ठरतात.

(दृश्य : मार्गिकेत शिरणारी दुचाकी. मागून येणाऱ्या बसचा वेग मंदावतो.)

मार्गिकेतली प्रत्येक घुसखोर दुचाकी एका माणसाचा वेळ वाचवते आणि पन्नास-साठ जणांचा वेळ घेते. शिवाय तिच्यामुळे बसचे वेळापत्रक विस्कटते, आणि विस्कटलेल्या वेळापत्रकाचा त्रास उशिरापेक्षाही मोठा असतो. दर सात मिनिटांनी यायच्या दोन बस चौदा मिनिटांनी एकामागोमाग आल्या, तर कागदावर फेऱ्या तितक्याच राहतात, पण प्रवाशाचे सरासरी थांबणे साडेतीन मिनिटांवरून सात मिनिटांवर जाते. त्यातही पहिली बस खच्चून भरते, चढण्या-उतरण्यात आणखी मागे पडते, आणि दुसरी रिकामी तिच्या पाठीला लागून चालत राहते. हे दृश्य ज्याने थांब्यावर उभे राहून पाहिले आहे, त्याला ‘फेऱ्या पुरेशा आहेत’ हे वाक्य पटत नाही.

दापोडीला मार्गिका संपते. पुढे हॅरिस पूल, बोपोडी आणि खडकीचा भाग लागतो. निगडीपासून मिळवलेला वेळ या पट्ट्यात बसला कितीदा तरी परत करावा लागला आहे. मार्ग कुठे सुरू होतो यापेक्षा तो कुठे तुटतो, हे पाहण्याची सवय नियोजनाला लागली पाहिजे, कारण प्रवासी दापोडीला जाण्यासाठी निघालेला नसतो. त्याला शिवाजीनगर किंवा स्वारगेट गाठायचे असते.

आता याच रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो धावते. पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड महापालिकेजवळचे स्थानक) ते फुगेवाडी हा टप्पा मार्च २०२२ मध्ये, पुढचा शिवाजीनगर न्यायालयापर्यंतचा टप्पा ऑगस्ट २०२३ मध्ये आणि स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. पीसीएमसीपासून निगडीपर्यंतच्या विस्ताराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. मेट्रो आली, म्हणजे बसची मार्गिका इतर वाहनांना खुली करावी, असा आग्रह आता धरला जातो. नगर रस्त्यावरची बीआरटी २०२३ नंतर मोठ्या भागात काढूनही टाकण्यात आली. निगडी-दापोडी रस्त्यावर तसे होऊ नये, असे आम्हाला कळकळीने वाटते.

पुण्याची बीआरटी बोगोटासारखी बंदिस्त नाही. चिखली, तळवडे, देहू अशा भागांतून येणारी बस मधूनच मार्गिकेत शिरते आणि पुढे हवे तिथे बाहेर पडते. त्यासाठी तिला दोन्ही बाजूंना दारे लागतात, पण प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही. मेट्रोचा जिना चढणारा माणूसही अनेकदा आधी याच बसमधून उतरलेला असतो. चिखलीच्या बसला मार्गिकेत वीस मिनिटे लागणार की वाहनांच्या गर्दीत चाळीस, यावर तो सकाळी घरातून किती वाजता निघेल हे ठरते, आणि मेट्रो कितीही वेळेवर आली तरी त्याच्या घड्याळात तेवढाच बदल होतो.

(दृश्य : संध्याकाळ. पिंपरीच्या थांब्यावर बस ओट्याला लागते. दार उघडते. पिशवी घेतलेल्या आजी न थबकता आत पाऊल टाकतात.)