दोन धक्क्यांमधले सेकंद

(पडद्यावर भूकंपालेख)

ही रेषा नीट पाहा. सुरुवातीला जवळजवळ सरळ आहे. मग एका ठिकाणी बारीक, घाईघाईची थरथर सुरू होते. काही सेकंद तीच चालते, आणि एकाएकी रेषा वरखाली उसळू लागते, आधीपेक्षा कितीतरी जास्त. भूकंप एकच, पण त्याच्या लहरी इथे दोन खेपांत पोहोचल्या आहेत. त्या दोन खेपांमधला हा जो तुकडा आहे ना, त्यातून किती काय वाचता येतं, तेच आज पाहू.

आधी हादरा येतो कुठून, ते बघू. पृथ्वीच्या कवचातल्या खडकांना भेगा असतात. ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकलेल्या असतात, तिला म्हणतात भ्रंश. भूपट्ट, म्हणजे या कवचाचे प्रचंड तुकडे, वर्षाला काही सेंटिमीटर सरकत राहतात, पण भ्रंशावरचे खडक घर्षणामुळे अडकून बसतात. जड कपाट ढकलताना होतं तसंच. जोर लावला तरी हलत नाही, हलत नाही, आणि एका क्षणी झटक्यात पुढे जातं.

1906 साली कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास भ्रंश सुमारे 470 किलोमीटर लांबीवर फाटला. सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं. भ्रंशावरून गेलेली शेताची कुंपणं मधोमध तुटली आणि त्यांची टोकं काही मीटर बाजूला गेली. हॅरी फील्डिंग रीड या शास्त्रज्ञाने जमीन मोजणीच्या जुन्या आणि नव्या नोंदी ताडून पाहिल्या. भ्रंशापासून दूरची जमीन भूकंपाआधी कित्येक वर्षं हळूहळू सरकत होती. भ्रंशालगतची मात्र अडकून मागे राहिली होती. मधला खडक वाकत गेला, आणि सहन होईना तेव्हा सुटून सरळ झाला. कुंपण तुटलं ते त्या क्षणी. ताण मात्र त्याआधी किती काळ साठत होता!

बातम्यांत नकाशावर एक लाल ठिपका दाखवतात. त्याने फार गैरसमज होतो. ठिपका म्हणजे अपिकेंद्र, भ्रंश खोलवर जिथे फाटायला लागला त्याच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा. ही फाट तिथून पुढे धावत जाते. 2004 च्या सुमात्रा भूकंपात ती सुमारे 1300 किलोमीटर धावली, आणि त्याला आठ ते दहा मिनिटं लागली.

(पुन्हा भूकंपालेख. पहिली थरथर ठळक)

ही पहिली थरथर प्राथमिक लहरींची. त्या ज्या दिशेने जातात, त्याच दिशेने खडक दाबतात आणि ताणतात. कवचात त्यांचा वेग सेकंदाला साधारण सहा किलोमीटर. मागून दुय्यम लहरी येतात, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. त्या खडकाला आडवं हलवतात, म्हणूनच जास्त नुकसान करतात. निघाल्या एकाच वेळी, पण जितकं दूर जाल तितकं दोघींमधलं अंतर वाढतं. जवळच्या भूकंपासाठी ढोबळ हिशोब असा: एका सेकंदाचा फरक म्हणजे भूकंप सुमारे आठ किलोमीटर दूर. तीन भूकंपमापन केंद्रांवरून अशी अंतरं काढून नकाशावर तेवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढली, की ती छेदतात तिथे अपिकेंद्र.

1897 च्या आसाम भूकंपाच्या युरोपातल्या नोंदींमध्ये भूशास्त्रज्ञ रिचर्ड ओल्डहॅम यांनी या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. 1906 मध्ये त्यांनी लहरींवरूनच पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवून दिलं. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि गाभ्यापलीकडे त्या थेट पोहोचत नाहीत, म्हणजे बाह्य गाभा द्रवरूप. 1936 मध्ये भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी आणखी आत वेगळा अंतर्गाभा असल्याचं ओळखलं, तेही प्राथमिक लहरी जिथे यायला नकोत तिथे आल्या म्हणून. हजारो किलोमीटर खोलवर कुणीही गेलेलं नाही. या बायका-पुरुषांनी कागदावरच्या रेषा वाचून तिथली रचना सांगितली, याचं मला अजूनही अपार कौतुक वाटतं.

(मेक्सिको सिटीचं हवाई दृश्य)

1985 चा मेक्सिकोचा भूकंप किनाऱ्यालगत झाला, मेक्सिको सिटी शहरापासून 350 किलोमीटरहून अधिक दूर. पण शहराचा मोठा भाग जुन्या तलावाच्या मऊ गाळावर वसलेला. त्या गाळाने सुमारे दोन सेकंदांच्या लयीतली हालचाल वाढवली, आणि नेमक्या त्याच लयीत डोलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. हजारो माणसं गेली.

त्यानंतर तिथे इशारा यंत्रणा उभी राहिली. किनाऱ्यावरच्या यंत्रांना हादरा कळला की रेडिओ संदेश लहरींच्या कितीतरी आधी शहरात पोहोचतो. किनाऱ्यावरच्या भूकंपात जवळपास मिनिटभर मिळतो. हे भाकीत नव्हे. भूकंप सुरू झाल्यावर मिळालेली ती उसंत आहे, आणि ती अंतरावर अवलंबून असते. 19 सप्टेंबर 2017 ला भूकंप सुमारे 120 किलोमीटरवरच झाला, आणि शहराच्या बऱ्याच भागात भोंगे आणि हादरे जवळजवळ एकदमच सुरू झाले.