मानशीवरचे दोन रविवार

मित्रहो, मुलांना वर्गाबाहेर नेऊन काही प्रत्यक्ष शिकवावे, या हेतूने आपण येथे जमलो आहोत. उत्साह आपल्यापाशी भरपूर आहे. अडते ते आखणीपाशी. चांगली आखणी कशाला म्हणावे, हे मला एका फसलेल्या सकाळी कळले.

काही वर्षांपूर्वी गोव्यातल्या तिसवाडीत एका खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीत, मी सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन गेले होते. बांधातली मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारे दार, कशी चालते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा होती. मानशीची लाकडी दारे पाणीच उघडते आणि पाणीच मिटते: भरतीला खाडीचे पाणी चढले की त्याच्या दाबाने ती बंद होतात, आणि सुकतीला बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी त्यांना ढकलून खाडीत निघून जाते. आधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी एकटीने पाहणी केली, तेव्हा दारांतून पाणी खळाळत बाहेर पडत होते. पुढच्या रविवारी दहाच्याच ठोक्याला मुले बांधावर पोहोचली, तर दारे घट्ट मिटलेली. तासभर आम्ही त्या बंद दारांकडे पाहत राहिलो आणि शेवटी मी सगळे तोंडी समजावून सांगितले. वर्गात झाले असते तेच उन्हात झाले.

चूक साध्या हिशेबाची होती. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तासांनी. आणि दोन भरतींमधले अंतर सुमारे साडेबारा तासांचे असल्यामुळे, आठवड्यानंतर त्याच घटकेला पाण्याची चाल बहुतेक उलटी झालेली असते. पंधरा दिवसांनी गेले असते तर वेळ पुन्हा जुळली असती. बांधाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या कुळाला हे तिथीवरून तोंडपाठ होते. मी त्यांना विचारलेच नव्हते, याची खंत मला आजही वाटते.

तेव्हापासून मी आखणीची सुरुवात एका प्रश्नापासून करते आणि तो मुलांना स्वतः मोजून सोडवता येईल असाच निवडते. ‘खाजनाची माहिती घेणे’ एवढ्यावर मुलाच्या हाताला काही काम मिळत नाही. ‘बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा किती खाली गेले म्हणजे दार हलते?’ असे विचारले की लगेच मिळते. दुसऱ्या खेपेला आम्ही पाच-पाच सेंटीमीटरवर रंगाच्या खुणा केलेल्या दोन बांबूच्या काठ्या नेल्या, एक आत रोवली, एक बाहेर. दोन्हींचे शून्य एकाच पातळीत आणायला गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेतली, आणि खरे सांगायचे तर मुले त्या नळीतच जास्त रमली. मग दर दहा मिनिटांनी एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने घड्याळ पाहायचे, तिसऱ्याने लिहायचे. असे प्रत्येक काम मी आदल्या दिवशी स्वतः करून पाहते, कारण काठी चिखलात किती रुतते, हे घरी बसून समजत नाही.

बाकीची तयारी थोडक्यात सांगते. पाच मुलांमागे एक मोठे माणूस हवे. बांध निसरडा असतो, म्हणून काठ्या मोठ्यांनीच रोवायच्या आणि पाण्यात एकाही मुलाने उतरायचे नाही. पालकांची लेखी संमती, कुळांच्या संघटनेची परवानगी आणि मानशीवर मासे पकडण्याचा हक्क ज्याने लिलावात घेतला आहे त्याची संमती, ही तिन्ही आधी मिळवावीत. पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी शौचालय कुठे आहे, हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. एवढ्याच कारणाने मुली मागे राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

त्या दुसऱ्या रविवारी सगळे आकडे लिहून झाल्यावर एका मुलीने बांधाच्या चिऱ्यांकडे बोट दाखवले. त्या दिवशीच्या भरतीची ओली रेघ जिथे संपत होती, तिच्याहून वीतभर वर चिऱ्यांना कालवांची शिंपली चिकटलेली होती. “बाई, पाणी इथपर्यंत आलेच नाही, मग ही जगतात कशी?” मी उत्तर दिले नाही. पंचांग उघडून आम्ही अमावास्येची तारीख काढली आणि उधाणाच्या भरतीला काठ्या घेऊन पुन्हा त्याच बांधावर गेलो.