गाळ्यातून गोदीपर्यंत

(दृश्य: रबाळे एमआयडीसी, सकाळची वेळ. अर्धी वर गेलेली शटरं, टेम्पोत चढणारा माल.)

ठाणे-बेलापूर रोडवरून रबाळे, महापे, तुर्भे या एमआयडीसी पट्ट्यात आत वळलं की एकाला एक लागून गाळे. आत लेथ, मिलिंग, एखादं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशीन. कुणी औषध कंपन्यांसाठी व्हॉल्व्ह बनवतं, कुणी लिफ्टचे भाग. आणि एखाद्या शटरमागे नौदलाला लागणारी वस्तू पहिल्यांदाच आकार घेत असते. तिच्या खर्चाचा निम्म्यापर्यंतचा भार संरक्षण मंत्रालय उचलतं.

हा पैसा येतो कसा आणि गाडी अडते कुठे, ते या फिल्ममध्ये पाहू.

योजनेचं नाव आयडेक्स. २०१८ साली चेन्नईच्या डिफेन्स एक्स्पोमध्ये ती सुरू झाली. भूदल, नौदल, हवाई दल आपापली अडचण जाहीर करतात. या धंद्यात त्याला ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ म्हणतात. स्टार्टअप आणि छोटे उद्योग त्यावर आपला तोडगा घेऊन अर्ज करतात. निवड झाली की करार होतो आणि प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या चालत्या नमुन्यासाठी, दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पुढे २०२२ मध्ये ‘आयडेक्स प्राइम’ आलं, त्याची मर्यादा १० कोटी. २०२४ मध्ये ‘अदिती’ आली, तिथे २५ कोटींपर्यंत. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचा तंत्रज्ञान विकास निधी वेगळा. त्याची मर्यादा २०२२ मध्येच १० कोटींवरून ५० कोटींवर गेली.

दीड कोटी हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो. पण तेवढाच वाटा उद्योजकानेही उभा करायचा असतो. शिवाय सरकारी रक्कम एकदम हातात पडत नाही. ठरलेला टप्पा पूर्ण झाला, तो तपासला गेला, की पुढचा हप्ता. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात गाळ्याचं भाडं, वीज बिल आणि कामगारांचे पगार काही थांबत नाहीत. म्हणून असे बरेच जण एका मशीनवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम, चालू ठेवतात आणि दुसऱ्यावर प्रोटोटाइप करतात.

(दृश्य: टेबलावर उघडी ॲल्युमिनियमची पेटी. कॅमेरा स्क्रूच्या डोक्यावर.)

ही साधी दिसणारी पेटी नीट पाहा. जहाजाच्या डेकवर बसणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट अशा पेटीत असतं. पेटी ॲल्युमिनियमची, कारण वजन कमी हवं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण ते गंजत नाहीत. दोन्ही निवडी आपापल्या जागी बरोबर. पण हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते, भोक सैल होतं, झाकण हलतं आणि ओल आत जाते. मिठाच्या फवाऱ्याच्या नेहमीच्या चाचणीत बंद चेंबरमध्ये पाच टक्के मिठाचं पाणी, पस्तीस अंश तापमानाला, धुक्यासारखं सोडत राहतात. तिथे ही चूक लपत नाही. मग पेटीचं ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं), स्क्रूखाली प्लास्टिकचा वॉशर, आट्यांत सीलंट, आणि पुन्हा चाचणी. त्यानंतर हादरे, उष्णता, दमटपणा. सैन्याच्या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक सामानासाठी जेएसएस ५५५५५ नावाचं मानक आहे. त्यात या चाचण्यांच्या पद्धती दिलेल्या आहेत.

संशोधन म्हटलं की आपल्याला पांढरा कोट आठवतो. मला विचाराल तर एका वॉशरसाठी पेटी चार वेळा उघडणं हेही तितकंच अस्सल संशोधन आहे, आणि या कामाला मुंबईच्या गाळ्यांतला हात तयार आहे. गोदीशी या शहराचा संबंध जुना. लवजी नसरवानजी वाडिया अठराव्या शतकात सुरतेहून इथे जहाजं बांधायला आले. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस निलगिरी १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली, आणि त्याच नावाची नवी युद्धनौका १५ जानेवारी २०२५ रोजी इथल्याच नौदल गोदीत.

(दृश्य: पवई, आयआयटीचं प्रवेशद्वार. मग महापे.)

आता दोन उदाहरणं.

आयडियाफोर्ज ही कंपनी आयआयटी मुंबईतून शिकलेल्या तरुणांनी २००७ मध्ये काढली. ती वाढली आयआयटीच्याच ‘साइन’ या, नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या केंद्राच्या आधाराने. डीआरडीओसोबत तिने ‘नेत्र’ ड्रोन बनवलं. भूदलाची मोठी ऑर्डर मिळाली जानेवारी २०२१ मध्ये, ‘स्विच’ ड्रोनसाठी, सुमारे दोन कोटी डॉलरची. २००७ ते २०२१. एवढी वर्षं तग धरायला फक्त हुशारी पुरत नाही. कुणीतरी पाठीशी उभं राहावं लागतं.

दुसरं उदाहरण समुद्रावरचं. सागर डिफेन्स इंजिनिअरिंगने आयडेक्सच्या पाठबळावर माणसाशिवाय चालणारी ‘मातंगी’ नौका बनवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती मुंबईहून तुतिकोरिनकडे निघाली. अंतर सुमारे १,५०० किलोमीटर, सुकाणूवर कुणी नाही. ज्याने कोकण किनाऱ्यावरची मासेमारी जाळ्यांची गर्दी पाहिली आहे, त्याला हे काम किती अवघड ते सांगावं लागणार नाही.

अशा योजनांची सुरुवात आपल्याकडे झालेली नाही. अमेरिकेने १९८२ मध्येच कायदा करून ‘एसबीआयआर’ हा छोट्या उद्योगांच्या संशोधनाला पैसे देणारा कार्यक्रम आणला. तिथल्या ज्या सरकारी खात्यांचं बाहेर दिल्या जाणाऱ्या संशोधनाचं बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांना त्यातला ३.२ टक्के हिस्सा छोट्या उद्योगांसाठी ठेवावा लागतो. सर्वांत मोठा वाटा संरक्षण खात्याचा. पहिला टप्पा कल्पना तपासण्याचा, दुसरा प्रोटोटाइपचा, तिसरा विक्रीचा. या तिसऱ्या टप्प्याला कार्यक्रमातून पैसे मिळत नाहीत. कुणीतरी गिऱ्हाईक म्हणून पुढे यावं लागतं. तिथेही बरेच छोटे उद्योग याच जागी खोळंबतात.

आपल्याकडेही गाठ हीच आहे. फेब्रुवारी २०२५ पर्यंत आयडेक्सचे ४३० करार झाले होते. करार म्हणजे बनवून दाखवण्याची परवानगी आणि त्यासाठीचा पैसा. खरेदी हा पुढचा प्रवास. मार्च २०२२ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने आयडेक्समधल्या १४ वस्तूंच्या सुमारे ३८० कोटींच्या खरेदीची गरज मान्य केली. गरज मान्य झाली तरी ऑर्डर लगेच निघत नाही. त्याआधी चाचण्या, किमतीची बोलणी, आर्थिक मंजुरी. आणि आयडेक्सच्या बाहेर तर ‘नो कॉस्ट नो कमिटमेंट’ हा शब्द सर्रास चालतो: चाचणीचा खर्च तुमचा, घेऊच याची हमी नाही. मोठ्या कंपनीला हा खर्च सोसतो. गाळेवाल्याला तो घर गहाण ठेवून करावा लागतो.

अनुदानाची मर्यादा वाढवल्याच्या बातम्या येतात, त्याचं स्वागतच आहे. पण मला त्याहून निकडीची वाटते ती तारीख. प्रोटोटाइप चाचणीत उतरला, तर किती नग घेणार आणि किती महिन्यांत, हे करारावर सही करतानाच लिहिलेलं असावं. त्यात वस्तू नापास झाली तर नुकसान उद्योजकाने सोसावं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पास होऊनही वाट पाहत बसणं मात्र माणसाला या कामातून बाहेर ढकलतं.

(दृश्य: गाळ्याच्या मागच्या बाजूचं लेथ. कामगार मायक्रोमीटरने माप घेतो.)

ऑर्डर स्टार्टअपच्या नावाने निघते, पण त्यातला धातू बहुतेकदा शेजारच्या जॉबवर्कवाल्याकडे कापला जातो. २००६ च्या एमएसएमई कायद्याने अशा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. वरची ऑर्डर लांबली की हे बिलही लांबतं, आणि मग पुढच्या वेळी तो हे काम घ्यायला कचरतो. उलट, हातात संख्या आणि तारीख लिहिलेली ऑर्डर असली, तर तीच घेऊन तो बँकेत जातो आणि दुसऱ्या सीएनसी मशीनसाठी कर्ज मागतो.