बुजरेपणा राहिला, तर राहू दे

नमस्कार श्रोतेहो.

"आमच्या घराण्यातच आहे हो हे. हिचे आजोबा परीक्षेच्या आदल्या रात्री जेवायचे नाहीत. मीही तशीच." शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मुलांच्या चिंतेबद्दल हे इतक्यांदा कानावर आलंय की आई-बाबा खुर्चीत टेकले की ते केव्हा येतंय याची मी वाटच पाहत असते. म्हणते बहुतेकदा आईच. बाबा तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. मग जरा वेळानं कळतं की रात्री दोनदा उठून गॅसचा नॉब बघणारे तेच!

घराण्यात असतं, हे खोटं नाही. जुळ्या भावंडांवर जगभर जे अभ्यास झाले, त्यांतून असं दिसतं की चिंताविकाराच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण ३० ते ४० टक्के वाटा आनुवंशिक असतो. चिंतेचं असं एक जनुक मात्र नाही. अनेक जनुकं, प्रत्येकाचा हातभार चिमूटभर. आणि त्यातून मुलाकडे येतो तो आजार नव्हे, येतो स्वभावाचा कल.

हा कल किती लवकर दिसतो? हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार-चार महिन्यांची सुमारे ५०० बाळं तपासली. तपासणी अगदी साधी. बाळासमोर रंगीत खेळणी हलवायची, अनोळखी आवाजाची टेप लावायची, कापसाला स्पिरिटसारखा वास लावून नाकाजवळ धरायचा. बरीच बाळं नुसती टुकूटुकू बघत राहिली. पाचातलं एक बाळ मात्र हातपाय झाडायला लागलं, पाठीची कमान करून रडायला लागलं. ही मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जाणारी पुष्कळशी याच गटातली निघाली. आपल्या आज्या मुलाचे पाय पाळण्यात बघायच्या, केगननी ते कॅमेरा लावून बघितले.

पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. केगन यांच्या चमूनं ही मुलं मोठी होईपर्यंत सोडली नाहीत. त्यातली कितीतरी वयात येईपर्यंत चारचौघांसारखी वावरायला लागली होती. अगदी बेधडक, कुणाच्या बापाला न भिणारी अशी मात्र फार थोडी झाली. २००३ साली केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच बुजऱ्या मुलांच्या आणखी एका लहानशा गटाचे मेंदू त्यांच्या विशीत तपासले. अनोळखी चेहरे दाखवले की मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग, जो धोक्याची वर्दी देतो, तो त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त जागा होत होता. म्हणजे आतली धडधड राहते. तिच्यासकट माणूस काय करतो, ते मात्र बदलतं.

मग ते कशानं बदलतं? इथे मला तुम्हाला ठाण्याच्या तलावपाळीवर न्यायचंय. रविवारची संध्याकाळ, मासुंदा तलावात बोटी चालू आहेत, रांग लागली आहे. चार वर्षांचा एक मुलगा कठड्याची जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा. त्याचा मामेभाऊ केव्हाच बोटीत जाऊन बसलाय आणि तिथूनच ओरडतोय. हा हलत नाही. "एवढा काय घाबरट रे! बघ, दादा कसा बसला," हे बाबांचं. "राहू दे हो, नको त्याला. चल बाळा, आपण भेळ खाऊ," हे आजीचं. दोघांचाही जीव त्याच्यात अडकलाय, आणि दोघांनीही त्याचं काम अवघड करून ठेवलंय. बाबांनी त्याला शिकवलं की भीती वाटणं ही लाजेची गोष्ट. आजीनं शिकवलं की भीती वाटली की निघून जायचं, वर भेळही मिळते. त्याची आई मात्र काही न बोलता त्याच्याशेजारी उभी राहिली. एक बोट फिरून आली, दुसरी आली. तो प्रत्येक बोट किती डुलते ते बघत होता. मग त्यानं विचारलं, "आपण मधे बसायचं का?"

काही मुलांना पाण्याचा अंदाज घ्यायला वेळ लागतो, बस्स. न्यू यॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं १९५६ साली सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात अशा मुलांचा वेगळा गटच नोंदला होता. त्यांचं म्हणणं असं की वाईट स्वभाव असा नसतोच. मुलाचा स्वभाव आणि घराच्या अपेक्षा यांचा मेळ बसला नाही की अडचणी सुरू होतात.

आता उंदरांकडे वळू. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकल मीनी यांना दिसलं की काही उंदीरमाता पिल्लांना भरपूर चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेली पिल्लं मोठेपणी शांत, कमी चाटलेली चटकन बिचकणारी. रक्ताचा गुण म्हणावा, तर त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं दुसरीच्या कुशीत वाढली आणि शांत निघाली. २००४ साली त्यांच्या गटानं यामागचं कारणही दाखवलं. कॉर्टिसॉलसारख्या तणावाच्या रसायनांना 'आता पुरे' असा निरोप देणारी यंत्रणा मेंदूत असते. आईच्या स्पर्शामुळे त्या यंत्रणेच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात. जनुक तेच, त्याचं कामकाज वेगळं. उंदराचं सगळंच माणसाला जसंच्या तसं लावू नये, हे मी पालकांना आवर्जून सांगते. नाहीतर एखादी आई बिचारी आपण मुलाला कमी कुरवाळलं का, याचीच चिंता घेऊन बसते.

माणसांबद्दल बोलायचं तर आई आणि मावशी. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या थालिया इली यांनी २०१५ साली स्वीडनमधल्या जुळ्यांच्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई आणि मावशी एकसारख्या जुळ्या असतील, तर जनुकांच्या हिशेबानं मावशी जवळजवळ आईच. चिंता रक्तातूनच येत असती, तर भाच्याची चिंता मावशीशीही तितकीच जुळायला हवी होती. तशी ती जुळली नाही. किशोरवयीन मुलांची चिंता जुळली ती ज्यांच्यासोबत ती राहतात त्या पालकांशी. माय मरो पण मावशी उरो म्हणतात आपल्याकडे, पण काळजी करायला शिकवण्याच्या कामी मावशी कच्चीच ठरली! अर्थात गाडी उलटीही धावते. मूल घाबरट असलं की धीराचे पालकही काळजीवाहू होतात.

आणि हे शिक्षण व्याख्यान देऊन होत नाही. ठाणे स्टेशनला पोरगा गाडीत चढतो. मुलुंड येईपर्यंत पहिला फोन, "बसायला मिळालं का?" घाटकोपरला दुसरा, "पोचलास का?" दादरला तो उचलला नाही, तर मित्राच्या आईला फोन. तोंडी परीक्षेच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणाला की लगेच चिठ्ठी, "आज येऊ शकत नाही." त्या दिवशी घरात सगळ्यांना हायसं वाटतं, मुलाला सर्वांत जास्त. आणि पुढची तोंडी परीक्षा दुप्पट मोठी होऊन बसते.

ऑस्ट्रेलियात रॉन रेपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांनी अगदी बुजरी अशी बालवाडीतली मुलं निवडली, पण शिकवणी घेतली पालकांची. अवघी सहा सत्रं. मुलाच्या वतीनं बोलू नका, त्याला टाळू देऊ नका, भीतीच्या गोष्टीकडे छोट्या छोट्या पावलांनी जाऊ द्या. २००५ साली आलेला निकाल असा की वर्षभरानं या मुलांमध्ये चिंताविकार इतरांपेक्षा कमी झाला होता. बुजरेपणात मात्र म्हणावा तसा फरक नव्हता. मूल तसंच बुजरं, पण चिंतेत बुडालेलं नाही. मला विचाराल तर यापेक्षा जास्त मागूही नये. वर्गात एक-दोन मुलं आधी ऐकणारी, मग बोलणारी असावीत. शिक्षकांनाही बरं वाटतं.

ज्यांच्या घरी नुसती काळजी नव्हती, मारहाण होती, दारू होती, त्यांची गोष्ट जड आहे. अमेरिकेत सॅन दिएगोला १७,००० हून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं गेलं. १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्या अभ्यासात असे अनुभव जितके जास्त, तितकं पुढे नैराश्याचं आणि हृदयविकाराचंही प्रमाण जास्त दिसलं. पण ही हजारोंची सरासरी आहे, कुणा एकाची कुंडली नव्हे. प्रौढ वयात घेतलेल्या उपचारांचाही चांगला गुण येतो.

उपचार म्हटलं की आपल्या गावाची एक अडचण आहे. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय असल्यामुळे "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद अख्ख्या महाराष्ट्रानं करून झालाय, आणि ठाणेकर त्यावर हसतहसत मोठे झालेत. मूल महिनोन् महिने शाळा टाळत असतं, तरी समुपदेशकाच्या दारात यायला पालकांचं पाऊल उचलत नाही, त्यात या विनोदाचाही वाटा आहे. याच ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था काम करते, हे कमी जणांना चटकन आठवतं.

शाळेचं नाव काढलं की रोज पोट दुखणं, झोप उडणं, मित्रांकडे जाणंही बंद होणं, हे काही आठवडे चाललं असेल तर वाट पाहू नका. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. फोन मुलासाठीच करायला हवा असं नाही. आणि समुपदेशकाकडे पहिल्या भेटीला मुलाला नाही आणलं तरी चालतं. आधी आई-बाबांनीच यावं, असं मी तरी सुचवते. नमस्कार.