टिनाखालची वीज

मंडळी, संध्याकाळचे साडेसात वाजलेत आणि वाचनालयाच्या या भिंतीला अजून पाठ टेकवता येत नाही. मघाशी मी टेकलो तर सदरा घामानं भिंतीला चिकटला. दिवसभर छताचं टिन तापलं, टिनानं भिंत तापवली, आता भिंत आपल्याला तापवतेय. मला बोलायचं आहे विजेच्या बचतीबद्दल, गरिबाच्या घरासाठी ज्या मदतीच्या योजना येतात त्यांच्याबद्दल. पण सुरुवात या भिंतीपासूनच करावी लागेल.

मी आयुष्यभर आयटीआयत वायरमनची पोरं शिकवली. निवृत्त झाल्यावर लोक बिलं घेऊन घरी यायला लागले. "सर, एवढं बिल कसं आलं?" आधी मी ओसरीत बसूनच बिल वाचून दाखवायचो. मग लक्षात आलं की बिल वाचून काही कळत नाही, घर बघावं लागतं.

मागच्या नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, एका मावशींकडे गेलो होतो. शेतमजुरी करतात. दीड खोलीचं घर, वर टिन, मधोमध एक पंखा, खिडकीशी लोखंडी कूलर. बिल मे महिन्याचं, 138 युनिट. हिवाळ्यात त्यांचंच बिल साठच्या आत असतं. मी म्हटलं, मावशी, पंखा किती वेळ चालतो? म्हणाल्या, "चालूच राह्यते जी. गरमच हवा फेकते, पण बंद केला का जीव घाबरते." मी खाटेवर उभा राहून टिनाला खालून हात लावायला गेलो. लावला नाही. चार बोटं अंतरावरूनच तव्यासारखी धग लागत होती. पंखा ती धगच खाली ढकलत होता.

आता हिशेब ऐका, वायरमनचा हिशेब आहे, सोपा आहे. जुना पंखा 75 वॉटचा. दिवसाला 18 तास चालला तर महिन्याला 40 युनिट. कूलरची मोटर आणि पंप मिळून 180 वॉट धरा, दहा तासांचे महिन्याला 54 युनिट. म्हणजे 138 पैकी 94 युनिट फक्त त्या टिनाशी भांडण्यात गेले. आणि आपल्याकडे घरगुती दराचा पहिला टप्पा 100 युनिटपर्यंतचा. त्याच्या वर गेलात की युनिटचा दर दुपटीहून जास्त होतो. वहन आकार, वीज शुल्क धरून वरचं एकेक युनिट दहा रुपयांच्या पुढं जातं. मावशींचे ते वरचे 38 युनिट त्यांच्या दोन दिवसांच्या रोजीला भारी पडले.

याच मावशींच्या घरी मी विचारलं, सरकारकडून विजेचं काही मिळालं का? त्यांनी वर बोट दाखवलं. एलईडी बल्ब.

बल्बाला मी नावं ठेवणार नाही. आपल्या देशात विजेच्या बचतीचं जे सगळ्यात मोठं काम झालं, ते या बल्बानंच केलं. 5 जानेवारी 2015 ला उजाला योजना सुरू झाली. त्याआधी सरकारी खरेदीत एक एलईडी बल्ब 310 रुपयांना पडत होता, 2016 पर्यंत तो 38 रुपयांवर आला. एकदम कोटींनी मागणी नोंदवली, म्हणून कारखानदारांनी भाव पाडला. पुढं मार्च 2021 मध्ये ग्राम उजाला आली. सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत आपलं नागपूर होतं. जुना चालू बल्ब द्या आणि 10 रुपयांत 7 किंवा 12 वॉटचा एलईडी न्या, घरामागे जास्तीत जास्त पाच, वर तीन वर्षांची हमी. 60 वॉटचा पिवळा गोळा गेला आणि 7 वॉटचा पांढरा आला. पाच तासांच्या हिशेबानं एका बल्बामागे महिन्याला आठ युनिट वाचले. थोडं नाही ते.

पण बल्ब पिशवीतून वाटता येतो. ट्रक येतो, रांग लागते, आधार कार्ड दाखवलं की काम संपलं. वाटणाऱ्याला तुमच्या घरात पाऊल टाकावं लागत नाही. माझी सगळी तक्रार इथंच आहे. आपल्याकडे मदत म्हणजे वस्तू. वस्तू घरापर्यंत येते, पण घर बघणारा माणूस येत नाही. आणि मावशींच्या घरात वीज जात होती टिनापायी. टिन कोणी बघितलंच नव्हतं.

अमेरिकेत एक योजना आहे, 1976 सालची. तेलाचे भाव भडकले होते, थंडीत गरिबांना घर तापवणं परवडत नव्हतं. तेव्हा सरकारनं ठरवलं की नुसते बिलाला पैसे द्यायचे नाहीत, घरच दुरुस्त करायचं. आजही चालू आहे. त्यात पहिल्यांदा येतो एक तपासनीस. तो घराच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात एक मोठा पंखा बसवतो आणि घरातली हवा बाहेर खेचतो. मग जिथं जिथं फट असेल, तिथून बाहेरचा वारा सूं सूं करत आत येतो. त्या फटी मोजायच्या, बुजवायच्या, माळ्यावर कापसासारखा थर पसरायचा. त्याआधी शेगडी, भट्टी विषारी वायू सोडत नाही ना, हेही तपासायचं. मग उरलेलं बाकीचं. घरमालकाला त्या सुधारणेच्या नावाखाली लगेच भाडं वाढवता येत नाही.

आता, त्यांची फट बुजवायची विद्या आपल्या काही कामाची नाही. आपण फटी बुजवल्या तर मेच्या दुपारी आतल्या आत उकडून निघू. घ्यायचा आहे तो क्रम. आधी माणूस, मग मोजमाप, मग छत-भिंत आणि शेवटी यंत्र.

आणि छताचं आपल्याला बाहेरून शिकावं लागतंय, ही तर कमालच आहे. सेवाग्राम इथून किती दूर? 1936 साली तिथं आदि निवास उभं राहिलं तेव्हा गांधीजींची अट होती, खर्च पाचशे रुपयांच्या आत, सामान जवळपासचंच. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू म्हणजे मातीची कौलं, पुढं खोल पडवी. मे महिन्यात बापूकुटीत जाऊन बसा. लोक जातात, चरख्याचा फोटो काढतात, वर बघत नाहीत. कवेलूखाली हवा खेळते, माती ऊन आत यायला वेळ लावते. आमच्या आजीच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात तर दुपारी गोधडी ओढून झोपायचे लोक.

मी कवेलूचे गोडवे गात बसणार नाही. दरवर्षी कवेलू काढून परत रचायचे, ती फेरणी कोण करणार? वानरं एका दुपारी अर्धं छप्पर खाली आणतात. फेरणारा माणूसही मिळत नाही. म्हणून टिन आलं आणि ते राहणार. घरकुल मिळालं तर स्लॅब येतो. घरकुलाचे मूळ 1,20,000 रुपये, त्यावर राज्यानं 2025 मध्ये 50,000 वाढवले, त्यातले 15,000 छतावरच्या सौर यंत्रासाठी. छत पांढरं करायला मात्र काही नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनपर्यंत ओकतो. त्यावर पांढरा हात मारला तर खोलीत 2 ते 5 अंशांचा फरक पडतो. अहमदाबादेत झोपडवस्त्यांची छतं रंगवली, तेलंगणानं 2023 मध्ये थंड छताचं धोरणच आणलं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा दर उन्हाळ्यात देशाच्या बातम्यांत असतो, आणि आपल्याकडे चुन्याची पुडी अजून सणासुदीला भिंती रंगवण्यापुरतीच.

माझी एक फजिती सांगतो. मावशींच्या टिनावर मी स्वतः चढलो. मोठ्या उत्साहानं चुना भिजवला, गाळला, दोन हात दिले. आठवडाभर मावशी खूश. मग मृगाचा पहिला पाऊस आला आणि सगळा चुना पन्हाळीवाटे अंगणात! त्यांची तुळस पांढरी झाली. शेजारच्या पोरानं विचारलं, "सर, घर धुवून काढलं का?" चूक माझी. टिन गुळगुळीत, त्यावर नुसता चुना धरत नाही. आधी गंज खरडायचा, टिन धुऊन वाळवायचं, चुन्यात फेविकॉल मिसळायचा, किंवा सरळ छताचा पांढरा रंग घ्यायचा. स्लॅबवर मात्र चुना छान बसतो. शिवाय आतून टिनाखाली वीतभर जागा सोडून बुरडाकडचे बांबूचे तट्टे ठोकले तर खाली येणारी धग आणखी तुटते. थर्माकोल लावू नका, कोणी सांगितलं तरी. वायरची एक ठिणगी पडली की ते छत पेटून अंगावर येतं.

छत झालं की पंखा. साधा पंखा 75 वॉट, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 च्या आसपास. तेवढ्याच 18 तासांत 40 च्या ठिकाणी 16 युनिट, महिन्याला 24 वाचले. किंमत अडीच-तीन हजार, मजुरी करणाऱ्या बाईची दहा-बारा दिवसांची रोजी. नोव्हेंबर 2023 मध्ये असे एक कोटी पंखे बाजारात आणायचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. मला वाटतं, बल्बाची ती एकगठ्ठा मागणीची युक्ती पंख्यालाही लागू पडते. शिवाय पैसे बिलातून हप्त्यानं कापा. महिन्याला दोनशे वाचतात, त्यातले दीडशे हप्त्याला. मावशींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, हप्त्यानं असेल तर दोन द्या.

कूलरबद्दल बोललो नाही तर तुम्ही मला विदर्भातून हाकलून द्याल. कूलर हे आपलं खरं यंत्र आहे, एसीच्या आठव्या हिश्श्यात काम भागवतं. पण निम्मे लोक दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात. मग अंग चिपचिप करतं आणि कूलर बिघडला म्हणून माणूस मला बोलावतो. कूलर खिडकीत हवा, बाहेरची कोरडी हवा ओढणारा, आणि समोरची खिडकी उघडी. आणि पाणी? दिवसभरात चार-पाच गुंड, म्हणजे घागरी, पाणी पितो तो. ज्या गावात उन्हाळ्यात बाई विहिरीवरून पाणी आणते, तिथं ती विजेचं बिलही भरते आणि कूलरला पाणीही पाजते. छत थंड झालं तर कूलर दोन तास उशिरा लागतो, म्हणजे एखादा गुंडही वाचतो. हे कोणत्याच योजनेच्या हिशेबात येत नाही.

आणि अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी तार. हे हसण्यावारी नेऊ नका. लोखंडी टाकी, ओला फरशीचा ओटा, पाणी टाकायला गेलेलं पोर. दर उन्हाळ्यात आपल्या पेपरात ही बातमी असते. माझ्या माहितीतल्या अर्ध्या घरांत तीन पिनेची प्लग आहे आणि तिसऱ्या भोकात तारच नाही. अमेरिकेतला तो माणूस आधी भट्टी तपासतो, आपल्याकडच्यानं आधी कूलरचं अर्थिंग बघावं. पाणी टाकताना प्लग काढा. स्विच बंद केला एवढं पुरत नाही, प्लगच काढा.

आता सौरपॅनेल, ज्याच्यासाठी तुमच्यापैकी निम्मे आलात हे मला माहीत आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 ची. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. राज्यानं त्यावर भर घातली. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला एका किलोवॅटसाठी आणखी 17,500, म्हणजे पन्नास हजारांच्या यंत्रात स्वतःचे अडीच हजार. एक किलोवॅट महिन्याला साधारण 120 युनिट देतो. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो.

अडचण कागदाची आहे. मावशींचं मीटर सासऱ्याच्या नावावर. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला, नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, दिरांची ना-हरकत. एक दीर पुण्यात, एक बोलत नाही. शिवाय जुनी थकबाकी. आणि छत? दोन पॅनेल, एकेकाचं वजन पंचवीस किलोच्या वर, खाली बल्ल्या कुजलेल्या. वादळात पॅनेलसकट टिन उडालं तर? योजना जिथं सगळ्यात जास्त द्यायला तयार आहे, नेमकं तिथंच तिला ठेवायला जागा नाही. म्हणून म्हणतो, गावात एक शिकलेली मुलगी किंवा मुलगा हवा, जो घरोघर जाऊन छत, तार, मीटर आणि कागद एकाच खेपेत बघेल. आयटीआय झालेली किती पोरं चौकात बसून आहेत, बघा जरा.

शहरातल्या इमारतींचंही एक सांगतो, हिंगणघाटहून आलेल्यांसाठी. तिथं तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर माझी पुतणी भाड्यानं राहते. गच्ची सगळ्यांची, ऊन मात्र तिच्या एकटीच्या डोक्यावर. पांढरा रंग द्यायचा विषय बैठकीत निघाला तर तळमजल्यावरचे म्हणाले, आम्हाला काय फायदा? घरमालक म्हणाले, राहतो का मी तिथं? अमेरिकेत यावर त्यांनी नियम काढला आहे. मोठ्या इमारतीतली दोन-तृतीयांश घरं कमी उत्पन्नाची असली तर सगळी इमारतच मदतीला पात्र. आपल्याकडे सोसायटीच्या सामायिक पंपाला, जिन्याच्या दिव्यांना सौर लावायला सूर्यघरमधूनच किलोवॅटमागे 18,000 मिळतात. मी पुतणीला म्हटलं, रंगाचं नाव काढू नको, पंपाच्या बिलापासून सुरुवात कर. ते सगळ्यांच्या खिशातून जातं. पॅनेल लावायला लोक गच्चीवर चढले की चटका त्यांनाही लागेलच.

चंद्रपूरचं कोळशाचं वीजकेंद्र 2920 मेगावॅटचं, कोराडी-खापरखेडा वेगळे. वीज आपल्याकडे बनते, राख आपल्या अंगणात पडते. त्यावर बोलायला लागलो तर रात्र होईल, ते पुढच्या खेपेला.

उद्या सकाळी सहाला आपण शाळेमागच्या मावशींच्या टिनाला पुन्हा पांढरा हात देणार आहोत, या वेळी फेविकॉल घालून. आठनंतर टिनावर पाय ठेववत नाही, म्हणून सहा. रंग आणि ब्रश माझ्याकडे आहेत. शिडी लागेल, लांब बांबूची. आहे का कोणाकडे?